घरच्या माणसाच्या तोंडून

"नाव सांगा," रूपराव पाथरवट म्हणाला. सिग्नेनं तोंड उघडलं, श्वास घेतला, जीभ हलवली आणि तिथंच सगळं अडलं. नाव आलं नाही. विसरली म्हणावं तर तसंही नव्हतं. ज्याच्याबरोबर उभा जन्म काढला त्या नवऱ्याचं नाव कोण विसरतं? नाव दाताशी येऊन उभं होतं, पण दात वाट देत नव्हते. वर्ध्याच्या स्टेशनामागच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, रूपरावाच्या छपरीत दगडाची भुकटी उन्हात तरंगत होती, आणि साठीला आलेली ही उंच, गोरी, करड्या झग्यातली बाई पाटे-वरवंटे आणि जात्यांच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभी होती. मग तिनं ते मिटून घेतलं.

रूपरावाला वाटलं, मडमेला मराठी कळत नसावी. समोरच्याला आपली भाषा कळत नसली की ती मोठ्यानं बोलल्यावर कळते, असा आपल्याकडे सगळ्यांचाच समज असतो. त्याप्रमाणे त्यानं आवाज चढवला आणि वर हिंदीत शिरला. "नाम! मरनेवाले का नाम! पत्थर पे क्या डालना है?" रस्त्यापलीकडचा टांगेवाला वळून पाहू लागला. "मले मराठी समजते, भाऊ," सिग्ने म्हणाली, "ओरडू नोका." गोऱ्या तोंडातून आर्वीची बोली बाहेर पडलेली पाहून रूपरावाचे हात आपोआप जोडले गेले. "मंग सांगा ना, बाई. म्हटलं ऊन लागलं का काय." सिग्नेनं पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, "लिहून देते." नाव लिहायला तिची काही हरकत नव्हती. पण रूपरावानं हात मागं घेतला. "कागद नाई चालत आपल्याकडे. मागं एकानं कागद धरला हातात, मी जसंच्या तसं कोरलं. घरचे आले तं म्हणे, हे आमच्या बापाचं नावच नाई. दगड पडला माह्या अंगावर. माही सून आता त्याच्या पाठीवर चटणी वाटते. तेव्हापासून ठरवलं, घरच्या माणसाच्या तोंडून तीन डाव ऐकाचं, मंगच टाकी लावाची." हे त्यानं असं सांगितलं, की त्याच्यापुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बसा सावकाश. आठवन. मेल्या माणसाच्या घरच्याईले असं होते कधी कधी." त्यानं तिच्यासाठी एक न फुटलेलं जातं झटकलं, तांब्यात पाणी दिलं आणि स्वतः एका पाट्याला टाकी लावत बसला.

सिग्ने जात्यावर बसली. तिच्याबरोबर आर्वीहून आलेली भागाबाई कंदिलाच्या काचा आणायला बाजारात गेली होती, ती यायला वेळ होता. बरंच झालं, असं तिला वाटलं, आणि लगेच दुसरंही वाटलं, की भागाबाई लवकर येईल तर बरं. टाकीचा आवाज टक टक चालला होता. एवढंसं काम. आर्वीहून छोट्या गाडीनं पुलगावला यायचं, तिथून मोठ्या गाडीनं वर्धा, दगड सांगायचा, संध्याकाळच्या आत परत. पंधरवड्यानं तिला मुंबईला आगबोट धरायची होती. तिकडे नॉर्वेत तिची धाकटी बहीण खोली सारवून, म्हणजे तिथं सारवत नाहीत, पण सिग्नेच्या डोक्यात आता तोच शब्द येत होता, खोली सारवून वाट पाहत होती. जायच्या आधी एवढं एकच काम उरकायचं होतं. आर्वीच्या त्या लहानशा कबरस्तानात बाभळीखाली नवऱ्याच्या डोक्याशी एक दगड उभा करायचा, आणि त्यावर त्याचं नाव असायला हवं. असायलाच हवं, कारण आर्वीत त्याला नावच नव्हतं. सात वर्षं तिथं राहून तो सगळ्यांचा 'सायेब' होता. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतली म्हातारी माणसं म्हणायची सायेब, पोरं म्हणायची सायेबबाबा, दूधवाला म्हणायचा लाकूडवाला सायेब. त्याचं खरं नाव त्या गावात फक्त एकाच तोंडात होतं, सिग्नेच्या. ते तोंड आता बोटीत बसून निघून जाणार. मग सात वर्षं घाम गाळला, शेवटी इथल्याच मातीत गेला, त्या माणसाचं नाव इथं कुणाला माहीतही राहणार नाही. ह्या विचारानं ती गेले कित्येक दिवस नीट जेवली नव्हती. आणि आज दगड समोर होता, टाकी समोर होती, आणि तेच तोंड बंद पडलं होतं.

नाव तसं काही अवघड नव्हतं. दोन अक्षरांचं, हाक मारायलाच केलेलं. दुसरं अक्षर पाहिजे तेवढं ताणता यायचं. तिकडे त्यांचं घर उतारावर होतं आणि त्याची होड्या बांधायची शाळ, म्हणजे शेडच, खाली पाण्याच्या काठाला. डांबराचा, ओल्या लाकडाचा आणि माशांचा वास वर घरापर्यंत यायचा. जेवण झालं की ती हातात पळी घेऊन पायरीवर उभी राहायची आणि हाक मारायची. हाक पाण्यावरून सरकत जायची, समोरच्या डोंगराला लागायची आणि परत यायची. तो वर येताना म्हणायचा, "रोज मला दोघी जेवायला बोलावतात, एक तू आणि एक ती पलीकडची. ती जरा गोड बोलते." लग्नाच्या पहिल्या वर्षी केलेला हा विनोद त्यानं म्हातारपणापर्यंत चालवला होता, आणि ती दर वेळी हसत नसली तरी त्याची वाट पाहायची. मूलबाळ झालं नाही. घरात तिसरं नावच नव्हतं, त्यामुळे त्या घराच्या भिंतींना दोनच नावं माहीत होती. मग एका रविवारी देवळात पत्र वाचून दाखवलं गेलं, की हिंदुस्थानात अमुक ठिकाणी एक लहानशी मंडळी आहे, जुनं मिशन तिथून निघून गेलं आहे, अकरा घरं आहेत, छप्पर गळतं आहे, शिकवायला आणि आजारपण पाहायला कोणी नाही. पगार नाही, पण कुणी आपखुशीनं जाईल तर. सिग्नेनं नवऱ्याकडे पाहिलं तर तो वर छताकडे पाहत होता. तेव्हाच तिला कळलं, की ह्याच्या मनात ते गळकं छप्पर शिरलं. देवाची हाक वगैरे ती पुढं लोकांना सांगायची, पण खरं सांगायचं तर तिच्या नवऱ्याला हाक मारली ती त्या छपरानं. शेड विकली, होड्या विकल्या, आणि पन्नाशी उलटलेली दोन माणसं आर्वीला येऊन पोचली, ऐन चैत्रात.

छप्पर त्यानं दोन महिन्यांत धड केलं. नंतर त्याला हुरूप आला आणि त्यानं बाक केले. मंडळी जमिनीवर सतरंजीवर बसते, म्हाताऱ्यांना उठताना त्रास होतो, हे त्यानं पाहिलं होतं. चांगलं सागवान आणून, होडी जोडावी तसे एकही खिळा न दिसेल असे बाक त्यानं जोडले आणि रविवारी देवळात ओळीनं मांडले. मंडळी आली. सगळ्यांनी बाकांवरून हात फिरवला, "मायबाई, किती गुळगुळीत" म्हणून बायकांनी गालाला लावून पाहिले, आणि मग सगळे दोन बाकांच्या मधल्या जागेत, खाली, सतरंजी टाकून बसले. बाकांवर त्यांनी पागोटी ठेवली, गाठोडी ठेवली आणि झोपलेली पोरं ठेवली. प्रार्थना चालवणाऱ्या सदाशिवरावांनी प्रार्थनेत खास त्या बाकांबद्दल देवाचे आभार मानले, तेसुद्धा बाकाला टेकून, जमिनीवर बसून. पुढच्या रविवारी तेच. कुणाला वाईट वाटू द्यायचं नव्हतं आणि कुणाला बसायचंही नव्हतं. नवराबायकोनं चारचौघांत एका फळीवर मांडीला मांडी लावून बसायचं म्हणजे काय, आणि सुनेनं सासऱ्याच्या वर बसायचं म्हणजे काय. ते त्याला कुणी सांगितलं नाही, पण तिसऱ्या आठवड्यात त्यानं ओळखलं. तो घरी आला आणि पोट धरून हसला. मग एकेक बाक त्यानं हातानं सोडवला आणि त्या लाकडाची अकरा घरांत दारं, फडताळं, पाळणे झाले. भागाबाईच्या झोपडीला दारच नव्हतं, नुसतं पोतं टांगलेलं होतं. तिला पहिलं दार मिळालं. ते बसवून झाल्यावर भागाबाई कितीतरी वेळ उघडत-लावत बसली आणि शेवटी म्हणाली, "भाऊ असता तं त्यानं बसवलं असतं. माह्या माहेराहून दार आलं म्हणा ना आता." उरलेल्या फळ्यांची त्यानं आपल्यासाठी खाट केली. आणि त्यातूनही उरल्या, त्या पुढं त्याच्याच शवपेटीला लागल्या.

भागाबाई ही त्या मंडळीतली बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायची. सिग्नेला मराठी तिनंच शिकवली. नवरा तिचा ह्या मंडळीचाच प्रचारक होता, खेडोपाडी पायी हिंडायचा, आणि पटकीच्या साथीत गेला होता, सिग्ने येण्याच्या कितीतरी आधी. त्याच्याबद्दल भागाबाई भरभरून बोलायची, पण बोलायची ती 'शांताचे बाप' म्हणून, नाहीतर नुसतंच 'ते'. पहिल्या वर्षी दोघी रेशनच्या कामाला आर्वीच्या तहशिलीत गेल्या. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?" भागाबाईनं पदर सारखा केला आणि सिग्नेला कोपरानं ढोसलं. "बाई, तुमी सांगा." सिग्नेला आधी कळेचना. मग तिनं मंडळीत ऐकलेलं ते नाव खणखणीत आवाजात सांगून टाकलं, मदत केल्याच्या आनंदात. भागाबाईनं मान खाली घातली, पण कान टवकारून ऐकलं, हे सिग्नेनं पाहिलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काऊन? तुझ्या तोंडाला काय झालं?" भागाबाई म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य कमी होते, बाई." "पण तो तर वारला ना!" ह्यावर भागाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की हिला कितीही मराठी शिकवली तरी काही उपयोग नाही. आणि मग हळूच म्हणाली, "तुमी बी नोका घेत जाऊ. साऱ्या गावाले ऐकू जाते."

कारण सिग्ने घ्यायची. सकाळ-संध्याकाळ, आवाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिकडे पायरीवरून मारायची तश्शी हाक. लिंबाच्या झाडावरचे राघू उडायचे, आणि विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. इथं समोर डोंगर नव्हता. हाक मळ्यांवरून जायची ती जायचीच. नवरा म्हणायचा, "पलीकडचीला नाही वाटतं आणली बरोबर." तहशिलीतल्या त्या प्रकारानंतर सिग्नेनं बायकांच्या मंगळवारच्या सभेत ह्याच विषयावर मोठं भाषण केलं. आपल्या डोक्यावरचे केससुद्धा देवानं मोजलेले आहेत, आयुष्य त्याच्या हातात आहे, बायकोच्या जिभेवर नाही. हा सगळा भ्रम आहे आणि प्रभूची लेकरं असल्या भ्रमाला भीत नाहीत. बायकांना भाषण फार आवडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, एक गीतही झालं. मग जिजाबाई नावाची एक म्हातारी उठताना म्हणाली, "तुमचं खरंच हाय, बाई. एकदम खरं. पण इषाची परीक्षा कायले पाहाव माणसानं?" आणि सगळ्या आपापल्या नवऱ्यांना भाकरी करायला निघून गेल्या. सिग्नेला राग आला, पण त्यात प्रेमही होतं. ह्या बायकांवर नुसतं रागावता येत नाही, हा तिचा सात वर्षांचा अनुभव. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम जरा जास्तच मोठ्यानं हाक मारली.

रूपरावानं पाटा उलटा करून फुंकर मारली. "आठवलं का?" त्यानं विचारलं. "येते," सिग्ने म्हणाली. हे उत्तर बरोबर की चूक ते तिचं तिलाही कळलं नाही. रूपरावानं मान हलवली आणि वरवंटा हातात घेतला.

गेल्या आश्विनात त्याला ताप आला. आधी नुसता ताप, नेहमीसारखा, मग छातीत कफ. वर्ध्याहून डॉक्टर आले, सुया झाल्या, कण्हेरीच्या सावलीत त्याची ती सागवानी खाट ओट्यावर टाकली. मंडळीतल्या बायका आळीपाळीनं येऊन बसायच्या. कुणी पाय चेपायचं, कुणी नुसतंच पोथीसारखं शुभवर्तमान मांडीवर घेऊन बसायचं. एके दुपारी सिग्ने चुलीपाशी त्याच्यासाठी पेज करत होती. पेज झाली. ती भांडं घेऊन उठली, त्याला हाक मारायला तोंड उघडलं, पहिलं अक्षर ओठांवर आलंसुद्धा, आणि ओट्यावर पाहिलं तर त्याचा चेहरा मेणासारखा पिवळा, नाक वर आलेलं. काय झालं ते तिला अजून नीट सांगता येत नाही. ते अक्षर तिनं गिळलं, आणि तोंडातून आलं, "अहो." ओट्यावरच्या बायकांनी ऐकलं. एकीनंही वळून पाहिलं नाही. भागाबाई चुलीशी होती. तिनं फक्त लाकूड आत सारलं. त्या क्षणी सिग्नेला एवढी लाज वाटली, आणि एवढा आधार वाटला, की ती पेज हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा विश्वास होता का? नव्हता. आजही नाही. पण विश्वास नसताना माणूस काय काय करतं. घराबाहेर वादळ असलं की तिकडच्या कोळणी रिकामा पाळणा हलवू देत नसत. तिची आई तर पक्की देवभीरू बाई, तीही देत नसे. देवानं केस मोजलेले आहेत हे खरंच. पण मोजणाऱ्याला आपल्या बाजूनं उगाच घाई कशाला करायला लावायची. एवढंच. आणि एकदा गिळलेलं नाव दुसऱ्या दिवशी घ्यायला तिची छाती होईना, कारण त्या दिवशी त्याला थोडा आराम पडला होता.

त्याच्या ध्यानात आलं. पहिल्या दिवशी तो हसला. "मी काय जिजाबाईचा नवरा झालो?" आपल्या भाषेत म्हणाला. तिनं नुसतं तोंड पुसलं त्याचं. पण चार दिवसांनी, शेवटच्या दुपारी, राघू लिंबावर कलकलत होते आणि तो डोळे मिटून पडला होता, तेव्हा तो म्हणाला, "सिग्ने, एकदा हाक मार ना. पायरीवरून मारायचीस तशी." ती खाटेच्या कडेला बसली होती. तिनं त्याचा हात धरला. होड्या बांधून बांधून ते तळवे एवढे राठ झाले होते, की तापातही ते थंड लाकडासारखे लागायचे. तिला हाक मारायची होती, देवाशपथ मारायची होती. ती म्हणाली, "बरा हो. मग मारते." तो म्हणाला, "बरं." नवरा तिचा आयुष्यभर 'बरं' म्हणत आला होता, छपराला, बाकांना, सगळ्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. नाव तिच्याकडेच राहिलं. देऊन टाकायचं होतं, ते तिनं राखून ठेवलं, आणि ज्याच्यासाठी राखलं तोच राहिला नाही. तेव्हापासून ते ती एकटी असतानासुद्धा उच्चारू शकली नव्हती. प्रार्थनेतसुद्धा ती 'ते' म्हणायची. देवाला कळत असेल, असं धरून चालायची.

"हे पाहा, बाई, एक बी फुटली नाई!" भागाबाई छपरीत शिरली ती काचा छातीशी धरून. गवतात गुंडाळलेल्या चार काचा, आणि त्या सांभाळता सांभाळता तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला. तिनं सिग्नेच्या तोंडाकडे पाहिलं, रूपरावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काचा हळूच एका पाट्यावर ठेवल्या. "काय झालं?" "नाव सांगून नाई राह्यल्या," रूपराव म्हणाला. "मी म्हटलं, घाई नाई." भागाबाई सिग्नेजवळ येऊन उभी राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही, हे सिग्नेला जाणवलं. त्या दुपारी चुलीत लाकूड सारताना तिला जे कळलं होतं ते आजही कळलं होतं. सिग्नेनं मान खाली घातली आणि तिच्या कोपरानं आपोआप, शिकवल्यासारखं, भागाबाईला ढोसलं. "तू सांग," ती म्हणाली.

भागाबाईनं पदर डोक्यावर घेतला. रूपरावानं खडू उचलला, पण हात वर केला नाही. "घरचं माणूस लागते आपल्याले. तुमी कोण जी त्याईच्या?" भागाबाई क्षणभरही थांबली नाही. "बहीण," ती म्हणाली. रूपरावानं ह्या काळ्यासावळ्या, नऊवारी नेसलेल्या बाईकडे पाहिलं आणि मग त्या दुधासारख्या गोऱ्या बाईकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यानं परत घेतलं. "बरं," तो म्हणाला. "सांगा मंग."

"आर्ने," भागाबाई म्हणाली.

सिग्नेनं मागं वळून पाहिलं. खरोखरच पाहिलं, रस्त्यावर, कापसाच्या गाड्यांमध्ये, तो येतोय का म्हणून. इतक्या महिन्यांत ते नाव तिच्या कानांवर पडलंच नव्हतं, आणि आता दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच हेलात, अगदी स्वच्छ पडलं. रस्त्यावर तो नव्हता, टांगेवाला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. "तुले कसं माहीत?" तिनं विचारलं. भागाबाई म्हणाली, "सात साल ऐकून राह्यली मी, बाई. साऱ्या आर्वीले माहीत हाय. घेत नाई कोणी, एवढंच." सिग्नेला हे कधी सुचलंच नव्हतं. नाव फक्त आपल्या तोंडात आहे, असं ती धरून बसली होती. ते विहिरीवरच्या सगळ्या बायकांच्या कानांत होतं. जिजाबाईच्या, पोरांच्या, राघूंच्यासुद्धा.

रूपरावानं दगडावर खडूनं अक्षरं काढली, मागं सरून पाहिली. "अजून एक डाव." "आर्ने," भागाबाई म्हणाली, आता जरा जास्त सरावल्यासारखी. त्यानं काना-मात्रा बोटानं चाचपली, रफार पुन्हा गडद केला. "आता शेवटचं. तिसरं." भागाबाईनं ह्या वेळी तोंड उघडलं नाही. ती सिग्नेकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि तिची ती जुनी, चिडवायची चमकही होती. "आता तुमी घ्या, बाई," ती म्हणाली. "आता काय कमी होणार हाय त्याईचं?"

सिग्नेला हसू आलं. असल्या वेळी कुणी असं बोलतं का! पण खरंच, काय कमी होणार होतं? ती जात्यावरून उठली. तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि नाव आलं. आलं ते हळू आलंच नाही. त्याला हळू यायची सवयच नव्हती. पायरीवरून पाण्याकडे मारायची तशी, दुसरं अक्षर लांबवत लांबवत तिनं हाक मारली. टांग्याच्या घोड्यानं कान टवकारले. हाक रस्त्यावरून गेली, समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या उंच विटांच्या भिंतीला लागली आणि परत आली. सिग्नेनं ती परत आलेली ऐकली. रूपरावानं दोन्ही हातांनी कान धरले होते. "एवढ्या मोठ्यानं नाई लागत, बाई," तो म्हणाला. "ऐकू येते मले." आणि त्यानं पहिल्या अक्षराला टाकी लावली.

गाडीला अवकाश होता. दोघी फलाटावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. मांडीवर काचा, मध्ये भाकरीचं फडकं. भागाबाईनं भाकरी मोडली, सिग्नेला अर्धी दिली, आणि आपली अर्धी हातातच धरली. समोरच्या रुळांकडे पाहत होती. मग तिचे ओठ हलले. सिग्नेला वाटलं, जेवणाआधीची प्रार्थना करतेय, म्हणून तिनंही डोळे मिटले. पण ती प्रार्थना नव्हती.

"चिंधू," भागाबाई म्हणाली.

सिग्नेनं डोळे उघडले. भागाबाई तिच्याकडे पाहत नव्हती. कानापर्यंत लाल झाली होती, नवी नवरी होते तशी. "सासूचे पोरं जगत नव्हते," ती रुळांना सांगत होती, "म्हणून चिंधीवरून ठेवलं. चिंधीले कोण नजर लावते?" हे नाव सिग्नेला माहीत होतं; तहशिलीत तिनंच ते एकदा सांगितलं होतं. तरी आज ते तिनं पहिल्यांदाच ऐकलं. "छान नाव आहे," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

भागाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. फलाटावर हमाल तेवढे होते. तिनं पदर तोंडावरून बाजूला केला आणि पुन्हा म्हटलं, ह्या वेळी नीट, मोठ्यानं. मग भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता नवल करत म्हणाली, "एवढुसं तं नाव हाय, बाई. मले वाटे, लय जड असन."